मीटर म्हणतो 2.2: ट्रकच्या सीबी अँटेनाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी अमेरिकेतली, कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतली. लांब नाकाडाचा स्लीपर ट्रॅक्टर आणि मागे 53 फुटी बंद ट्रेलर. दोन ड्रायव्हरांची टीम, एक चालवतो तेव्हा दुसरा झोपतो किंवा बाजूला बसतो. हंगामात मोडेस्टोच्या आसपासच्या बागांतून बदाम उचलायचे, एरवी स्टॉक्टनच्या गोदामांतून रीनो आणि पुढे सॉल्ट लेक सिटीपर्यंत फेऱ्या. म्हणजे आय-80 हा रोजचा रस्ता आणि सिएरा नेवाडातला डॉनर घाट रोजची डोकेदुखी. या घाटमाथ्याची उंची सात हजार फुटांच्या वर आहे. हिवाळ्यात बर्फ पडलं की चाकांना साखळ्या लावायची सक्ती होते. ती सक्ती नेमकी कुठून सुरू झाली, पुढे गाडी आडवी झाली आहे का, हे सगळ्यांत आधी कळतं ते सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओवर, म्हणजे गाडीतून गाडीशी थेट बोलायच्या रेडिओवर, समोरून उतरणाऱ्या ट्रकवाल्याकडून.

आपल्याकडे ही सोय ट्रकांत रुजलीच नाही. आपला ट्रकवाला डिपर मारून आणि खिडकीतून हात काढून बोलतो. तिकडे तेच काम 27 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले 40 चॅनल करतात, 26.965 पासून 27.405 मेगाहर्ट्झपर्यंत. वैयक्तिक परवाना लागत नाही, एएमवर शक्तीची मर्यादा 4 वॅट. ट्रकवाल्यांचा चॅनल 19, पश्चिम किनाऱ्याच्या आय-5 वर बहुतेक जण 17 वापरतात, आणि 9 हा अडीअडचणीसाठी. मोबाइल आल्यापासून गर्दी कमी झाली आहे, पण घाटात मोबाइलची रेंज गेली की अनोळखी ट्रकशी बोलायला दुसरं साधन नाही.

या गाडीवर जोडणी होती ती अशी: दोन्ही बाजूंच्या आरशांच्या ब्रॅकेटवर प्रत्येकी एक चार फुटी फायबरग्लासचा अँटेना, तारेचे वेढे वरच्या टोकाकडे असलेला, टोकाला ट्यूनिंगचा स्क्रू. रेडिओच्या मागून एकच पीएल-259 प्लग निघतो, त्यातून दोन केबली फुटतात आणि डाव्या-उजव्या दारांतून आरशांपर्यंत जातात. याला को-फेज हार्नेस म्हणतात. दोन्ही केबली आरजी-59 जातीच्या, 75 ओहमच्या, प्रत्येकी 18 फूट. ही लांबी लक्षात ठेवा. सगळं प्रकरण तिच्यावरच फिरतं.

अडचण

नोव्हेंबरच्या सुमारास तक्रार सुरू झाली. चालत्या गाडीतून बोललं की समोरचा म्हणायचा, तुझं बोलणं तुटतंय. शब्द पूर्ण गायब होत नव्हते, मधली अक्षरं गळत होती. ऐकतानाही तसंच, आवाजात करकर आणि मध्येच क्षणभर मुकेपणा. ट्रक स्टॉपवर गाडी उभी केली की सगळं ठणठणीत. शेजारी उभ्या असलेल्या ट्रककडून रेडिओ चेक घेतला तर उत्तर यायचं, मस्त ऐकू येतोस.

पहिली समजूत झाली की माइकची गुंडाळीदार वायर आत तुटली असेल. समजूत चुकीची नव्हती, माइकची वायर हे सीबीचं सगळ्यांत सामान्य दुखणं आहे. माइक बदलला. फरक शून्य. खरं तर ऐकतानाही तुटतंय एवढ्यावरून माइक तेव्हाच सुटायला हवा होता, कारण माइकच्या दोषाने साधारणपणे फक्त आपलं बोलणं बिघडतं. ऐकणं आणि बोलणं एकाच लयीत तुटत असेल तर दोष दोन्हींच्या सामाईक वाटेवर शोधायचा: वीजपुरवठा, रेडिओचा अँटेना सॉकेट, केबल, माउंट (अँटेना ब्रॅकेटवर बसवायचा भाग), अँटेना.

मग एका रेडिओ शॉपमध्ये गाडी नेली. तिथल्या माणसाने एसडब्ल्यूआर मीटर लावला, म्हणजे अँटेनाकडे पाठवलेली शक्ती किती परत फिरते ते सांगणारा मीटर (1 म्हणजे उत्तम, आकडा वाढेल तसं वाईट), आणि चॅनल 19 वर 1.7 मोजला. त्याने सांगितलं, दोनच्या खाली आहे, अँटेना ठीक आहे, रेडिओच कमजोर आहे. त्याच्या मते इलाज एकच, पीक अँड ट्यून. म्हणजे झाकण उघडून आतले ट्रिमर (जुळणीचे छोटे स्क्रू) फिरवायचे, आवाज मर्यादेत ठेवणारा भाग निकामी करायचा आणि काटा जास्त हलताना दाखवायचा. असं केलं की संच मान्यतेच्या अटींत राहत नाही, आणि बोलणं शेजारच्या चॅनलांवर सांडायला लागतं. काटा मात्र खरंच जास्त हलला. पुढच्याच फेरीत घाटात बोलणं पहिल्यासारखंच तुटलं, फक्त आता मोठ्याने तुटलं.

यानंतर टीमने स्वतःचा साधा मीटर घेतला, रेडिओ आणि हार्नेसच्या मध्ये तीन फुटी पॅच केबलने जोडला आणि डॅशवर ठेवला. महत्त्वाचा पुरावा इथे हाती लागला. गाडी उभी असताना 1.7. ताशी 55 मैलांवर, बाजूला बसलेल्याने माइक दाबला तेव्हा 2.2, कधी 2.4, काटा थरथरत. वेग कमी केला की पुन्हा 1.7.

मीटर वापरण्याची रीत इथेच सांगून टाकतो, कारण अर्धे चुकीचे आकडे तिथूनच येतात. रिकामा चॅनल निवडायचा, मीटरचं बटण एफडब्ल्यूडीवर (पुढे जाणारी शक्ती) ठेवायचं, माइक दाबून काही न बोलता कॅलिब्रेशनची मूठ फिरवून काटा शेवटच्या खुणेवर आणायचा, बटण आरईएफवर (परत फिरणारी शक्ती) टाकायचं आणि आकडा वाचायचा. प्रत्येक चॅनलवर कॅलिब्रेशन नव्याने. गाडी मोकळ्या जागेत हवी, शेडच्या पत्र्याखाली नको. आणि अँटेना दाराच्या आरशावर असेल तर दोन्ही दारं बंद हवीत. पायरीवर उभं राहून, दार उघडं ठेवून घेतलेला आकडा फेकून द्यावा. दार उघडलं की अँटेना गाडीपासून दूर जातो आणि मोजमाप भलत्याच गाडीचं होतं. शॉपमधला 1.7 नेमका कसा घेतला होता हे कुणी पाहिलं नव्हतं.

2.2 या आकड्याचा अर्थ

2.2 हा फसवा आकडा आहे. भीती वाटावी इतका मोठा नाही, समाधान व्हावं इतका लहान नाही. बहुतेक लोक अशा वेळी अँटेनाच्या टोकाचा स्क्रू फिरवायला लागतात. टीमनेही तेच केलं, दोन्ही टोकं दोन-दोन वेढे खाली घेतली. आकडा जेमतेम हलला, म्हणून परत वर केली.

ट्यूनिंग बिघडलेलं आहे की नाही हे एका चॅनलवरून कळत नाही. 1, 19 आणि 40 या तीन ठिकाणी मोजावं लागतं. 1 वर आकडा मोठा आणि 40 वर लहान असेल तर अँटेना आखूड आहे. 40 वर मोठा आणि 1 वर लहान असेल तर लांब आहे. तिन्ही ठिकाणी सारखाच वाईट असेल तर लांबीचा संबंध नाही, दोष अर्थमध्ये (गाडीच्या धातूशी असलेल्या विजेच्या जोडणीत), केबलमध्ये किंवा माउंटमध्ये आहे. इथे चालत्या गाडीत आकडे होते 2.4, 2.2, 2.5. जवळजवळ सपाट.

आता त्या 18 फुटांकडे येऊ. 27.185 मेगाहर्ट्झवर, म्हणजे चॅनल 19 वर, तरंगलांबी साधारण 11.03 मीटर. त्याचा चौथा भाग 2.76 मीटर. भरीव पॉलिथिनच्या आरजी-59 मध्ये लहरीचा वेग हवेतल्या वेगाच्या 66 टक्के असतो, म्हणून केबलमधला पाव तरंग 1.82 मीटर आणि पाऊण तरंग 5.46 मीटर, म्हणजे 18 फुटांना इंचभर कमी. हार्नेसची लांबी दुकानदाराच्या सोयीची नाही, ती पाऊण तरंगाची आहे.

पाव किंवा पाऊण तरंगाची केबल प्रतिरोध उलटा करून दाखवते. एका टोकाला 50 ओहमचा अँटेना असेल तर 75 ओहमच्या केबलच्या दुसऱ्या टोकाला 75 गुणिले 75 भागिले 50, म्हणजे 112.5 ओहम दिसतात. असे दोन 112.5 समांतर जोडले की 56 ओहम. रेडिओला हवेत 50. हिशेब जुळतो, आणि म्हणूनच को-फेजला 75 ओहमची केबल लागते.

पण हाच उलटेपणा बिघाड लपवतो. एका बाजूचा अँटेना गळून पडला किंवा आतली तार तुटली, तर पाऊण तरंग अलीकडे, जोडावर, ते शॉर्ट होऊन दिसतं. मग दुसरी चांगली बाजूही त्या शॉर्टमध्ये बुडते आणि मीटरचा काटा तीनच्या पलीकडे जातो. याउलट एका बाजूचा स्टड, म्हणजे अँटेना ज्यात आटवतात तो धातूचा तुकडा, ब्रॅकेटला चिकटून शॉर्ट झाला, तर जोडावर ती बाजू जणू काढून ठेवल्यासारखी, ओपन दिसते. उरतो एकटा 112.5 ओहम. त्याला 50 ने भागा: 2.25.

म्हणजे मीटर अगदी स्वच्छ सांगत होता. दोनपैकी एक अँटेना गाडी वेगात असताना मेलेला आहे, आणि तो तुटून नव्हे, शॉर्ट होऊन मेला आहे. हा हिशेब आदर्श अँटेनाचा आहे, प्रत्यक्षात आकडा थोडा इकडेतिकडे होतो. पण 2.2 आणि तीनच्या पलीकडे यांत घोटाळा होण्याइतका नाही.

एक शंका रास्त आहे. 2.25 ला परत फिरणारी शक्ती जेमतेम 15 टक्के असते. एवढ्याने बोलणं तुटेल का? नाही तुटणार. 15 टक्के कमी झालेले समोरच्याच्या कानाला कळणारही नाहीत. तुटण्याचं कारण वेगळं: शॉर्ट स्थिर नव्हता. धक्क्यागणिक लागत आणि सुटत होता, आणि प्रत्येक वेळी जुळणी बदलत होती. अक्षरं गळत होती ती यामुळे. जवळच्या ट्रकला ते खपून जायचं, पण वळणापलीकडच्या क्षीण आवाजात एकेक अक्षर मोलाचं असतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नवा रेडिओ. त्याला शंभर ते दोनशे डॉलर लागले असते आणि शॉर्ट होता तिथेच राहिला असता. हा पर्याय दहा मिनिटांत बाद करता येतो: हार्नेस काढायचा, त्याच्या जागी 50 ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा चाचणीचा रोधक) लावायचा आणि मीटर पाहायचा. 1.1 च्या आत आला तर रेडिओ, पॅच केबल आणि मीटर तिन्ही निर्दोष. या गाडीत ही चाचणी उशिरा झाली आणि आकडा 1.1 आला.

दुसरा पर्याय नवा हार्नेस. एका मेकॅनिकने तर आणखी पुढे जाऊन सुचवलं की जुनाच हार्नेस वापरा, पण सीटखाली उगाच लोंबणारी चार-पाच फूट केबल कापून टाका. वर लिहिलेला हिशेब वाचल्यावर हे का करायचं नाही ते वेगळं सांगायला नको. जास्तीची केबल हातभर लांबीच्या सैल घड्या घालून बांधायची, घट्ट गुंडाळायची नाही, आणि कापायची तर नाहीच. फोमच्या इन्सुलेशनची आरजी-59 बाजारात मिळते, तिच्यात वेग सुमारे 80 टक्के असतो, मग पाऊण तरंग 18 नव्हे तर 21 फुटांच्या पुढे जातो. केबल बदलताना हे पाहिलं नाही तर नवा हार्नेस जुन्यापेक्षा वाईट ठरतो.

तिसरा पर्याय, दोनऐवजी एकच अँटेना. हा गांभीर्याने विचारात घेतला गेला. दोन अँटेना एकमेकांपासून पाव तरंग, म्हणजे नऊ फूट लांब असतील तेव्हा पुढे-मागे थोडा जोर मिळतो. ट्रकची रुंदी 102 इंच, आरसे धरून अँटेनांमधलं अंतर कसंबसं तेवढं भरतं, म्हणजे फायदा तसाही फार मोठा नाही. पुष्कळ ट्रकांवर दोन अँटेना असतात ते दिसायला जुळे बरे दिसतात म्हणून, हे मान्य करायला हरकत नाही. एकट्या अँटेनाचे सुटे भाग निम्मे, बिघाड शोधणं सोपं. तोटा इतकाच की डाव्या आरशावरच्या एकट्या अँटेनाचा जोर गाडीच्या धातूच्या दिशेने, म्हणजे उजवीकडे झुकतो, आणि समोरून येणारी वाहतूक तिकडे डावीकडे असते. शिवाय हार्नेसची एक बाजू काढून तीच केबल एकट्या अँटेनाला वापरता येत नाही. 50 ओहमची आरजी-58 किंवा आरजी-8एक्स नव्याने ओढावी लागते. दाराच्या बिजागरीतून आणि पॅनेलमागून केबल ओढणं हे अर्ध्या दिवसाचं काम. म्हणून हा पर्याय राखून ठेवला.

चौथा पर्याय, माउंट उघडून बघणं. खर्च जवळपास काही नाही, लागतात दोन पाने आणि एक मल्टिमीटर. आधी हेच करायचं ठरलं.

प्रत्यक्ष काम

रेडिओकडचा प्लग काढला. दोन्ही आरशांखालचे प्लगही काढले, म्हणजे प्रत्येक भाग सुटा मोजता येतो. को-फेजमध्ये ही पायरी टाळली तर फसगत होते, कारण जोडलेल्या अवस्थेत मधल्या पिनवर डावं-उजवं दोन्ही एकत्र दिसतं.

केबल आधी. मधल्या पिनपासून डाव्या टोकाच्या पिनपर्यंत 0.4 ओहम, उजवीकडे 0.4. पिन आणि बाहेरची जाळी यांच्यात काही नाही, मीटर ओपन दाखवतो. दारं उघडझाक करून बिजागरीपाशी केबल हलवली, आकडा स्थिर. हार्नेस सुटला.

मग माउंट. या प्रकारच्या माउंटची रचना समजून घेतली की उरलेलं आपोआप कळतं. ब्रॅकेटला अर्ध्या इंचाचं भोक असतं. खालून सॉकेटचा धातूचा भाग येतो, तो ब्रॅकेटला घट्ट चिकटतो आणि तिथून अर्थ मिळतो. वरून स्टड बसतो, त्याच्यात अँटेना आटवतात, आटे 3/8 इंच, इंचाला 24. स्टड आणि ब्रॅकेट यांच्या मध्ये नायलॉनचा वॉशर असतो आणि त्या वॉशरला खालून एक छोटी कड असते. ती कड भोकात उतरते आणि स्टडला भोकाच्या काठापासून दूर धरते. एवढीशी ती कड, दोन मिलिमीटरही जाड नसते. तीच सगळं इन्सुलेशन.

डाव्या स्टडपासून ब्रॅकेटपर्यंत मोजलं: ओपन. उजवीकडे मोजलं: ओपन.

इथे बरेच जण हात झटकतात. गाडी उभी, मीटर ओपन, म्हणजे माउंट ठीक. पण तक्रारच वेगातली होती. म्हणून मीटर कंटिन्युइटीवर टाकला, एक पिन उजव्या स्टडला आणि दुसरी ब्रॅकेटच्या खरवडलेल्या जागी चिमट्याने अडकवली आणि एकाने पायरीवर उभं राहून अँटेना मधोमध धरून मागे, वारा ढकलतो त्या दिशेला, दाबला. सुरुवातीला काही नाही. चार-पाच इंच वाकल्यावर मीटर टीं करून वाजला. सोडला, गप्प. पुन्हा दाबला, पुन्हा वाजला. पुढच्या दिशेला, बाजूला, कुठेही दाबून वाजेना, फक्त मागे. डावा कुठेही दाबला तरी शांत. (ही चाचणी रेडिओ सुटा असतानाच करायची. प्रक्षेपण चालू असताना अँटेनाच्या धातूला हात लागला तर चटका बसतो.)

उजवा माउंट उघडला. नायलॉनचा वॉशर वरून धड दिसत होता. उलटा केल्यावर कळलं, कडेचा मागचा अर्धा भाग तुटून भोकात चुरा होऊन पडला होता. स्टडच्या मागच्या बाजूला चकाकता चट्टा आणि भोकाच्या काठावर त्याच्या समोरच तसाच चट्टा. दोन महिने तिथे धातूवर धातू घासत होता.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. अमेरिकेत गाडी रस्त्याच्या उजव्या अंगाने चालते, म्हणून बागांच्या कच्च्या रस्त्यांवर बदामाच्या फांद्या नेहमी उजव्या अँटेनाला झोडपतात. ऑगस्टपासून हंगामभर तो मार बसला. मग माउंट ढिला वाटला म्हणून कुणीतरी मोठ्या पान्याने जोर लावून आवळला. नायलॉन आवळून चेपलं की त्याची कड तडकते. ढिला माउंट आवळण्याआधी उघडून पाहायचा असतो. हाताने घट्ट, मग पान्याने फार तर पाव वेढा.

नवा माउंट बसवला, दोन्ही बाजूंना, कारण डावाही तितकाच जुना होता. भोकाचा काठ कानशीने गोल केला, ब्रॅकेटच्या खालच्या अंगाचा रंग खरवडून धातू उघडा केला, तिथे दातेरी वॉशर टाकला. चालत्या गाडीत मीटर आता थरथरत नव्हता. पण आकडा 1.7 वरच होता, उभा असताना आणि पळताना सारखाच.

दुसरा दोष

1.7 वर थांबता आलं असतं. चार वॅटमधली फार तर सात टक्के शक्ती परत येते, बोलणं तुटायचं थांबलं होतं. टीममधला एक थांबायच्या बाजूचा होता. दुसऱ्याचं म्हणणं, दारावरच्या अर्थची खात्री कधी केलीच नाही, आता मीटर हातात आहे तर दोन मिनिटं लावू.

डाव्या ब्रॅकेटपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत 0.3 ओहम. उजव्याकडे 9, दार हलवलं की कधी 4, कधी 20. आरशाचा हात दाराला रंगावर बसवलेला होता आणि दारापासून केबिनपर्यंतची वाट फक्त बिजागरीतून, ग्रीसमधून. हा दोष आपल्याकडच्या गाड्यांतही सर्रास दिसतो, दिवे मंद लागतात तेव्हा मेकॅनिक म्हणतो, बॉडी अर्थ नाही. तोच प्रकार. अँटेनाला अर्थ म्हणजे दुसरा पाय, तो नसेल तर केबलची जाळीच अँटेनासारखी वागायला लागते आणि ट्यूनिंग हाताला लागत नाही.

इंचभर रुंद, कल्हई केलेली तांब्याची विणलेली पट्टी घेतली. गोल वायरपेक्षा पट्टी बरी, कारण या वारंवारतेला प्रवाह पृष्ठभागावरून वाहतो. एक तुकडा आरशाच्या हातापासून दाराच्या पत्र्यापर्यंत, दुसरा दारापासून केबिनच्या खांबापर्यंत, दार पूर्ण उघडेल इतका ढिला ठेवून. दोन्ही टोकांना रंग खरवडून दातेरी वॉशर आणि वरून ग्रीस. हेच डाव्या बाजूलाही केलं. पट्टी जितकी आखूड तितकी चांगली.

त्यानंतर ट्रेलर जोडून, दारं बंद करून, मोकळ्या मैदानात मोजलं. चॅनल 1 वर 1.3, चॅनल 40 वर 1.8. म्हणजे अँटेना किंचित लांब. दोन्ही टोकांचे स्क्रू सारखेच, अर्धा-अर्धा वेढा खाली घेतले, पुन्हा मोजलं, पुन्हा अर्धा वेढा. को-फेजमध्ये एकच टोक फिरवून आकडा साधता येतो, पण मग दोन अँटेना वेगवेगळ्या सुरांत राहतात आणि जोर एका बाजूला कलतो. मोजावे लागतात दोन्ही आणि फिरवावेही दोन्हीच.

निकाल

शेवटचे आकडे: चॅनल 1 वर 1.4, 19 वर 1.3, 40 वर 1.5. वेगातही तेच. आय-80 वर कोलफॅक्सच्या वर चढताना, माथ्यापलीकडे ट्रकीच्या उतारावर, बोलणं पूर्ण आणि सलग. डिसेंबरात साखळ्यांची सक्ती लागली तेव्हा समोरच्या ट्रककडून ती कुठून सुरू आहे ते आधीच कळलं आणि गाडी मोकळ्या जागी थांबवून साखळ्या घालता आल्या.

सुट्या भागांचा खर्च दोन माउंट, पट्टी आणि वॉशर मिळून साधारण 40 डॉलर. त्याआधी माइक आणि पीक अँड ट्यूनवर याच्या तिप्पट गेले होते.

रेडिओचं मात्र पूर्ण निस्तरलं नाही. अँटेना सुधारल्यावर उलट तक्रार आली की आवाज फाटतोय आणि दोन चॅनल पलीकडेही ऐकू येतोय. आधी तुटक्या जोडणीखाली हे झाकलं गेलं होतं. निकामी केलेला भाग पूर्ववत करून ट्रिमर मूळ जागी आणायला संच दुसऱ्या दुरुस्तीवाल्याकडे द्यावा लागला.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम. डमी लोडची चाचणी पहिल्या दिवशी झाली असती तर पीक अँड ट्यूनचा प्रश्नच आला नसता. शॉपमधल्या माणसाचा 1.7 खोटा नव्हता, त्याने तो चुकीच्या परिस्थितीत घेतला. दोष चालत्या गाडीत आहे असं गिऱ्हाईक सांगतंय तर उभ्या गाडीवरचा आकडा निकालात काढायला पुरेसा नाही. निदान अँटेना हाताने हलवून तरी पाहायचा.

माइक बदलण्याआधी, ऐकतानाही तुटतंय का, हा एक प्रश्न विचारला असता तर तेही पैसे वाचले असते.

अँटेनाखाली स्प्रिंग घालायचा का, यावर टीमचं एकमत झालं नाही. स्प्रिंगने फांद्यांचा मार माउंटपर्यंत कमी पोचतो, हे खरं. पण मऊ स्प्रिंगवरचा अँटेना वेगात मागे झुकतो आणि आकडा वाऱ्याबरोबर हलतो. शिवाय उंची आणि लांबी वाढल्याने ट्यूनिंग पुन्हा करावं लागतं, आणि एका बाजूला घातला तर दुसरीकडेही घालावा लागतो. चार फुटी फायबरग्लास स्वतःच बऱ्यापैकी वाकतो, म्हणून स्प्रिंग नको असं तूर्त ठरलं. त्याऐवजी बागेत शिरण्याआधी दोन्ही अँटेना आटे फिरवून काढायचे आणि स्लीपरमध्ये ठेवायचे. काढलेले असताना माइक दाबायचा नाही, म्हणून तेव्हा रेडिओच्या स्विचवर कागदी चिकटपट्टी लावतात. नायलॉनचे चार सुटे वॉशर दाराच्या खणात आहेत.